दोन हजार पाचशे वीस मात्रांनंतर

मी मिरजेत तबला शिकवतो आणि माझ्या छातीत चार पंप आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मार्चमधल्या त्या रविवारपर्यंत माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तबला पोटासाठी आणि पंप जिवासाठी, एवढाच माझा हिशेब होता.

पंपांचं आधी सांगून टाकतो. पंचेचाळिशीतच माझं हृदय फुगून सैल पडलं. जिना चढताना धाप लागायची, पुढं पुढं चहाचा कप उचलतानाही लागायला लागली. पूर्वी अशा माणसाला दुसऱ्या कुणाचं हृदय मिळेपर्यंत वाट बघावी लागायची आणि बहुतेकांच्या बाबतीत वाट संपायच्या आधी माणूसच संपायचा. मग हे पंप निघाले. करंगळीच्या पेराएवढे, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत बसवलेले. आत एक पातं अखंड फिरतं आणि रक्त पुढं ढकलतं. तीन मोठे, एक लहान. एक मोठा चालू असला तरी माणूस तगतो, फक्त गळून जातो. नुसता लहान चालू राहिला तर शुद्ध हरपते. आणि चारही थांबले तर माझं स्वतःचं हृदय दोन-तीन मिनिटं कळ काढील, त्याहून जास्त नाही.

आता पात्यावर रक्ताची साय धरते. तिची गुठळी होऊन मेंदूत गेली की खेळ खलास. म्हणून प्रत्येक पंप ठरावीक दिवसांनी अकरा मिनिटं थांबतो, स्वतःला धुतो आणि पुन्हा सुरू होतो. लहान पंप अरुंद, म्हणून तो दर सात दिवसांनी. मोठे आठ, नऊ आणि दहा दिवसांनी. वेळ सगळ्यांची एकच, दुपारी तीन. त्या वेळी माणूस जेवून आडवा झालेला असतो आणि घरात कुणीतरी जागं असतं. दुरून यात कुणालाही हात घालता येत नाही. आधीच्या यंत्रांना चोरट्यांनी दुरून बंद पाडून खंडण्या उकळल्या होत्या, तेव्हापासून लोकांनी असा धसका घेतला की या पंपांना कंपनीनं कानच ठेवले नाहीत. एकदा सुरू केला की पंप आपले दिवस आपण मोजतो, कुणाचं ऐकत नाही. जाहिरातीत हाच मोठा गुण म्हणून सांगितला होता.

मला चौघांचे आवाज ओळखू येतात. दुसऱ्या कुणाला येणार नाहीत, पण मी तंबोऱ्यांच्या गावात वाढलोय. चार पंप, चार तारा. लहान पंपाचा पंचम, आठवाल्याचा आणि नऊवाल्याचा षड्ज आणि दहावाल्याचा खालचा, भारदस्त खर्ज. रोज तीन वाजता मी पडायचो आणि आज कोण गप्प बसतंय ते ऐकायचो. सवयीनं त्यात मजाही वाटायला लागली होती.

त्या रविवारी सकाळी चार विद्यार्थी आले होते. नवशिक्यांची जिरवायला माझा एक जुना खेळ आहे. चौघांनी चार ठेके धरायचे, एकानं सात मात्रांचा, दुसऱ्यानं आठ, तिसऱ्यानं नऊ, चौथ्यानं दहा. सगळ्यांनी एकदम समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर सुरुवात करायची, आणि मी विचारायचं की आता पुन्हा चौघं मिळून समेवर कधी येणार? बिचारे घाम गाळतात, एकमेकांच्या तालात वाहवतात आणि शेवटी हात टेकतात. पण यंदा त्यांच्यात केतकी होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि हौस म्हणून माझ्याकडे येते. तिनं वाजवता वाजवताच उत्तर दिलं, दोन हजार पाचशे वीस मात्रांनंतर. वर कौतुकानं सांगितलं की हा आकडा मोठा गमतीचा आहे. एकापासून दहापर्यंत कुठल्याही आकड्यानं त्याला भागा, बाकी उरत नाही, आणि असा हा सगळ्यांत लहान आकडा. याच्या घरी सगळ्यांना जागा आहे, असं ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसताच तेच चार आकडे मनात पुन्हा म्हटले. सात, आठ, नऊ, दहा. हे आकडे मी वर्षानुवर्षं डग्ग्यावर शिकवत होतो आणि रोज दुपारी छातीत ऐकत होतो, पण दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

बाकीच्यांना मी घरी पाठवलं आणि केतकीला थांबवून घेतलं. पंप कोणत्या दिवशी सुरू केले, असं तिनं विचारलं. ते सांगायला मला आठवावं लागलं नाही. अक्षय्य तृतीया. चारही, एकाच सकाळी.

हा हट्ट माझ्या आक्काचा, थोरल्या बहिणीचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आक्का बावीसची. तिनं मला वाढवलं, माझ्यापायी स्वतःला आलेली दोन स्थळं नाकारली, पुढं लग्न केलं, नवरा गेला आणि ती परत माझ्याकडे आली. आक्का पंचांग बघितल्याशिवाय गॅसचा सिलिंडरही जोडत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आलेला असताना माझं नवं हृदय दुसऱ्या दिवशी सुरू करायला ती थोडीच तयार होणार? अक्षय्य तृतीयेला सुरू केलेलं कधी सरत नाही, असं तिनं डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी तिचं मन मोडलं नव्हतं.

केतकीनं मोबाइलवर दिवस मोजले. त्या रविवारी सुरुवातीपासून दोन हजार पाचशे बारा दिवस झाले होते. म्हणजे उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, दुपारी तीन वाजता, चारही पंप एकदम धुवायला बसणार होते. अकरा मिनिटं.

ती म्हणाली की आपलं कुठंतरी चुकत असेल, आणि पडताळा म्हणून तिनं एक प्रश्न विचारला. आठ, नऊ आणि दहा हे तीन मोठे दर तीनशे साठ दिवसांनी एकत्र थांबत असणार. सहा वेळा थांबले असणार. तेव्हा काही झालं होतं का?

झालं होतं. मी दर उन्हाळ्यात एकदा दुपारी बेशुद्ध पडायचो, इतकं झटकन की आत कोण कोण गप्प झालं ते ऐकायला सवडच मिळायची नाही. आक्का कांदा फोडून नाकाशी धरायची, उन्हाळा लागला म्हणायची. दवाखान्यात सगळं ठीक निघायचं, कारण प्रत्येक पंप आपापलं काम वेळेवर करत होता. पहिल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पडलो, मग दर वर्षी पाचेक दिवस आधी, आणि गेल्या वर्षी नेमका एक एप्रिलला. विद्यार्थ्यांना वाटलं, सर एप्रिल फूल करतायत. तीनशे साठ साता दोन हजार पाचशे वीस. सहा वेळा लहानग्या पंचमानं मला एकट्यानं धरून ठेवलं होतं आणि सातव्या वेळी तोही सुट्टीवर जाणार होता.

त्या दुपारी तीनला आठवाला थांबला. मी पडून ऐकत होतो. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यात मजा वाटली नाही. उरलेल्या तिघांचे आवाज ऐकताना वाटत होतं की हे माझे नोकर नव्हेत, मालक आहेत, आणि त्यांचं माझ्या पाठीमागे काहीतरी ठरलंय. स्वयंपाकघरात आक्का चहाला आधण ठेवत होती. तिला मी काही सांगितलं नाही.

सोमवारी केतकीला घेऊन डॉक्टर बागवान बाईंकडे गेलो. पंप त्यांनीच बसवलेले. शांत बाई, फार बोलत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, कागदावर चार आकडे मांडले आणि चष्मा काढून ठेवला. कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती, विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्यांना एक गोष्ट मात्र आठवली. दहा दिवसांचा पंप बाकीच्यांनंतर एक दिवसानं सुरू करावा, अशी सूचना होती. का, ते लिहिलेलं नव्हतं. आक्का हात जोडून उभी होती, तेव्हा एका दिवसानं काय बिघडतंय असं त्यांना वाटलं.

काय बिघडतं ते केतकीनं सांगितलं. रस्त्यावरचं सम-विषम तारखांचं पार्किंग असतं ना, तसं. आठवाला पंप सुरू झाल्यापासून नेहमी सम दिवशीच थांबतो, कारण आठाच्या पाढ्यात विषम आकडाच नाही. दहाच्या पाढ्यातही नाही. दोघं एकाच दिवशी निघाले तर दोघांच्या गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लागतात आणि कधीतरी एकमेकींसमोर येतात. पण दहावाला एक दिवस उशिरा निघाला तर तो कायम विषम बाजूला राहतो. मग त्या दोघांची गाठ पडणं शक्यच नाही, आज नाही, शंभर वर्षांनीही नाही. (ही आकड्यांमधली सम, तबल्यातल्या समेशी तिचा संबंध नाही.) कंपनीतल्या कुणा शहाण्यानं माझा जीव त्या एका दिवसावर टांगून ठेवला होता आणि आम्ही तो एक दिवस मुहूर्तासाठी खाल्ला होता.

बाहेरच्या यंत्रावर अकरा मिनिटं ठेवता येईल का, असं मी विचारलं. त्याच्या नळ्या जिथून घालायच्या तिथंच माझे पंप बसले होते. उरला एकच उपाय. अडीअडचणीसाठी म्हणून एक खास चुंबक असतो. तो छातीवर नेमक्या जागी धरला की खालचा पंप थांबतो, काढला की पुन्हा सुरू होतो आणि आपले दिवस नव्यानं मोजायला लागतो. पण सात वर्षं फिरलेलं पातं न धुता थांबवलं तर ते अडकू शकतं. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी तिघांचे पंप असे थांबवले होते, त्यांतल्या दोघांचेच परत सुरू झाले. आणि माझा नाही झाला तर सोमवारी उरलेले तिघं ठरल्याप्रमाणे एकत्र थांबणारच. लहान पंप हलवून सोमवार टळला असता, पण मग पुढं कधीतरी चौघं पुन्हा गाठ घेणार आणि हा जुगार पुन्हा खेळावा लागणार. म्हणून एकदाच, दहावाला. सुरुवातीपासून विषम दिवस झाले असतील त्या दिवशी करा, असं केतकीनं दोनदा बजावलं आणि ती परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी गेली. चुंबक हैदराबादहून यायचा होता.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शिकवणी बंद ठेवली. तबल्याकडे बघवेना. ज्या समेची आयुष्यभर वाट बघितली, श्रोत्यांना जिच्यासाठी ताटकळत ठेवलं, तीच आता माझ्याकडे चालत येत होती. मला मरणाची भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. आक्काला एवढंच सांगितलं की एक पंप जरा थांबवून सुरू करायचाय, बसवल्यापासूनचा विषम दिवस बघून. तिनं कारण विचारलं नाही. तिला आवडीचं काम मिळालं होतं, ती पंचांग घेऊन बसली.

गुरुवारी सकाळी चुंबक आला. आणि गुरुवारी गुरुपुष्य योग होता.

आक्का नवं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घेऊन माझ्याबरोबर आली. तिनं बोटांवर दिवस मोजले होते. आज दोन हजार पाचशे सतरावा दिवस, विषम. डॉक्टरांनीही मोजले होते, त्यांचंही तेच आलं. ऑपरेशनचा दिवस पहिला धरायचा, ही त्यांची पद्धत. आमच्याकडेही बारशापासून तेराव्यापर्यंत सगळे दिवस असेच मोजतात. गणित आणि पंचांग एका दिवशी जुळलं होतं, आणखी काय हवं? मी शर्ट काढून आडवा झालो. सुटलो असं वाटलं. डॉक्टरांनी छातीवर पेनानं खूण केली.

छतावरचा पंखा बघत मी सवयीनं बोटांवर ठेका धरला. आठ मात्रांचा. आणि मला माझे नवशिके आठवले. प्रत्येक नवशिका एकच चूक करतो. आठ मात्रांचा ठेका म्हटलं की आठव्या मात्रेवर सम मारतो. मग मी ओरडतो की अरे, जिथून निघालास ती मात्रा मोजलीस म्हणून आठ भरल्या, प्रवास सातांचाच झालाय. सम नवव्यावर येते.

मी डॉक्टरांचा हात धरला.

"आठवाला पंप या रविवारी थांबला होता," मी म्हणालो. "मी ऐकलंय. रविवार ते गुरुवार अंतर चार दिवसांचं. चार सम आहेत. आज केलं तर दहावाला परत त्याच्याच बाजूला लागेल."

डॉक्टरांनी बोटांवर मोजून पाहिलं. रविवार ते सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन, गुरुवार चार. त्या खाली बसल्या. सुरुवातीचा दिवस मोजल्यामुळं आम्ही एक दिवस पुढं निघालो होतो. आज केलं असतं तर हा सोमवार टळला असता, पण दोघं कायम एकाच बाजूला राहिले असते आणि पुढच्या कुठल्या तरी दुपारी, आम्ही सगळे निर्धास्त असताना, चौघांनी मला गाठलं असतं.

"मग उद्या," डॉक्टर म्हणाल्या.

"उद्या व्यतिपात आहे," आक्का म्हणाली. "गुरुपुष्य सोडून व्यतिपाताला छातीला हात लावायचा? मकू, असं करू नको. माझं ऐक की."

हे तिला कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मी घाबरलेला होतो आणि घाबरलेला माणूस चांगला नसतो.

"तुझंच ऐकलं होतं, आक्का," मी म्हणालो. "चारही एकाच दिवशी सुरू केले म्हणून ते येत्या सोमवारी एकदम थांबतायत. त्या अक्षय्य तृतीयेमुळं."

तिला आधी कळलंच नाही. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. परवानगी मी दिली, चूक माझी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या, पण ते आक्काच्या कानांपर्यंत गेलं नसावं. तिच्या मांडीवरची पिशवी घसरली आणि नारळ घरंगळत पलंगाखाली गेला. कुणी उचलला नाही.

"म्हणजे तू दर उन्हाळ्यात पडायचास," ती म्हणाली, "आणि मी कांदा हुंगवत बसायचे."

तिनं मला एकदा कडेवर घेऊन पुराच्या पाण्यातून काढलं होतं, तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवत होता, आणि समोरचा चेहरा त्याहून म्हातारा आणि भेदरलेला होता. मग तिनं पदर खोचला.

"उद्याच करा," ती डॉक्टरांना म्हणाली. "वेळ तुम्ही ठरवा. मी नाही बघणार."

शुक्रवारी अकरा वाजता केलं. तो राहुकाळ असतो हे मलाही ठाऊक आहे, म्हणजे आक्काला तर असणारच. डॉक्टरांनी चुंबक खुणेवर धरला आणि खर्ज थांबला. छातीतून कुणी जमीनच काढून घ्यावी तसं वाटलं. मग चुंबक उचलला.

खर्ज परत आला नाही. डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या, आक्का माझ्याकडे. मी मांडीवर झपताल धरला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. एक आवर्तन रिकामं गेलं. दुसरंही गेलं. आता सोमवारपर्यंतचे तीन दिवस आपण काय करायचं, कुणाशी काय बोलायचं, असले विचार माझ्या मनात यायला लागले. तिसऱ्या आवर्तनात, समेच्या जरा आधीच, आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि खर्ज घोगऱ्या आवाजात बोलायला लागला. मी रडलो. मला त्याची लाज वाटली नाही.

तरी सोमवार यायचाच होता. सात, आठ आणि नऊ ठरल्याप्रमाणे थांबणार होते आणि तीन दिवसांपूर्वी खरवडत उठलेला दहावाला एकटा मला धरणार होता. डॉक्टर घरी येऊन बसल्या. केतकीनं दोनदा फोन करून पुन्हा पुन्हा तेच गणित सांगितलं. गणितात चूक नव्हती, पण गणित काही पंपाचं पातं फिरवत नाही. तीन वाजायला आले तशी आक्का पलंगाशी खाली बसली आणि तिनं माझ्या छातीला कान लावला. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, तिला स्वतःला ऐकायचं होतं.

तीन वाजले. पंचम गेला. पाठोपाठ दोन्ही षड्ज गेले. खर्ज राहिला. हातपाय जड झाले, छत धूसर दिसायला लागलं, पण शुद्ध गेली नाही. ती गेली असती तर बरं, असंही मध्येच वाटलं, कारण खर्ज जरासा अडखळला की हा आता थांबलाच, असं मी धरून चालायचो. अकरा मिनिटांत मी किती झपताल मोजले ते विसरलो. मग पंचम आला, आणि मागोमाग बाकीचे दोघं. डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली आणि त्या उठून खिडकीशी गेल्या.

आक्कानं कान काढला नाही.

"आता पुन्हा कधी?" तिनं विचारलं.

"चौघं एकत्र? कधीच नाही."

"कधीच नाही म्हणजे किती वर्षं?"

"वर्षं नाहीत, आक्का. मी मेल्यावर पंप तसेच फिरत राहिले तर हजार वर्षांनीही नाही."

तिनं बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मग म्हणाली, "व्यतिपाताला सुरू केलेलं," आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं.

तिचा कान तसाच माझ्या छातीवर होता. तिची भीती अजून गेली नव्हती, ते तिच्या श्वासावरून मला कळत होतं. आणि माझीही गेली नव्हती, ते तिला आतून ऐकू येत असणार.